मानेवाड्यातील १९८७ चा भूखंड: विक्रीपत्राची नक्कल, जुना दिवाणी दावा आणि सातबारा कुठे व कसा पाहावा?

मानेवाडा-पुणे यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझ्या वडिलांनी १९८७ साली मौजा मानेवाडा येथील एका ले-आऊटमध्ये दीड हजार चौरस फुटांचा भूखंड एका गृहनिर्माण संस्थेमार्फत घेतला होता. वडील मागच्या वर्षी गेले. आई नागपुरात माझ्या धाकट्या बहिणीजवळ राहते आणि मी पुण्यात असते. घरातली कपाटे, ट्रंका, जुन्या फायली सगळे शोधून झाले, पण मूळ विक्रीपत्र सापडले नाही. हाती आहे ते एवढेच: संस्थेचे वाटपपत्र, हप्त्यांच्या काही पावत्या, महापालिकेच्या मालमत्ता करपावत्या आणि ले-आऊटच्या नकाशाची पुसट छायाप्रत, जिच्यावर खसरा क्रमांक (जमिनीचा भूमापन क्रमांक) आणि प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) कसेबसे वाचता येतात.

बहिणीने मोबाइलवर त्या खसऱ्याचा सातबारा पाहिला, तर त्यावर आजही मूळ शेतकऱ्याच्या वारसांची नावे दिसतात. वडिलांचे नाव कुठेच नाही. शेजारच्या भूखंडधारकाने सांगितले की या वारसांनी नव्वदच्या दशकात संस्थेवर दावा लावला होता आणि तो अजून सुरू आहे. तेव्हापासून आईला नीट झोप लागलेली नाही. एका दलालाने चाळीस हजार रुपयांत ‘सगळे रेकॉर्ड काढून देतो’ असे सांगितले आहे. इतके पैसे देण्याची आमची तयारी नाही, पण त्याहून अधिक भीती अशी वाटते की तो काय काढून देईल आणि ते खरे की खोटे हे आम्हाला कळणारच नाही.

विक्रीपत्राची नक्कल आम्ही स्वतः मिळवू शकतो का, दाव्याची माहिती दाव्यात पक्षकार नसलेल्या माणसाला मिळते का, आणि सातबाऱ्यावर नाव नसणे म्हणजे भूखंड गेला असे समजावे का, हे कृपया कोणी जाणकाराने सांगावे.

धंतोलीकर

दलालाला पैसे देऊ नका. आपण जे मागत आहात त्यातला बहुतेक भाग कायद्याने कोणालाही पाहता येतो. आज रात्रीच करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील निःशुल्क ई-सर्च. जिल्हा नागपूर, गाव मानेवाडा आणि मिळकत क्रमांकाच्या रकान्यात खसरा क्रमांक टाकून एकेक वर्ष पाहत जा. उर्वरित महाराष्ट्रासाठी तेथे साधारण २००२ पासूनचे दस्त दिसतात, त्यामुळे १९८७ चे विक्रीपत्र त्यात मिळणार नाही. पण त्या खसऱ्यातले भूखंड अलीकडे कोणी कोणाला विकले हे कळेल, आणि आपलाच भूखंड दुसऱ्या कोणाला विकला गेला आहे का, याचा पहिला अंदाज येईल.

जुना दस्तलेखक

ताई, मी सिव्हिल लाइन्समध्ये तीस वर्षांहून अधिक काळ दस्त लिहिले आहेत, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो.

विक्रीपत्राचा कागद हरवला तरी विक्री हरवत नाही. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाखाली नोंदवलेल्या प्रत्येक स्थावर मिळकतीच्या दस्ताची प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातील पुस्तक क्रमांक एकमध्ये राहते, आणि त्याच अधिनियमाच्या कलम ५७ प्रमाणे हे पुस्तक व त्याच्या सूची ठरावीक फी भरून कोणालाही पाहता येतात आणि त्यातील नोंदीची प्रमाणित नक्कल कोणालाही मागता येते. त्यासाठी तुम्ही वारस असल्याचेही सिद्ध करावे लागत नाही. मृत्युपत्रे पुस्तक क्रमांक तीनमध्ये असतात आणि त्यांचा नियम वेगळा आहे: करणारा जिवंत असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते, त्याच्या मृत्यूनंतर मात्र कोणीही अर्ज करू शकतो. वडिलांनी मृत्युपत्र नोंदवले असण्याची शक्यता वाटत असेल, तर त्याच फेरीत तेही विचारून घ्या.

आता कठीण भाग. तुमच्याजवळ वाटपपत्र आहे, पण वाटपपत्र म्हणजे विक्रीपत्र नव्हे. त्या काळात अनेक भूखंडधारकांनी सगळे हप्ते भरले, ताबा घेतला, घरेही बांधली, पण संस्थेने किंवा शेतमालकाने विक्रीपत्र नोंदवून दिलेच नाही. त्यामुळे वडिलांच्या नावे नोंदवलेला दस्त आहे की नाही, हेच आधी शोधायचे आहे. हे ऐकायला कडू आहे, पण आईला आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे शोध रिकामा निघाला तर धक्का बसणार नाही.

दस्ताचा क्रमांक माहीत असेल तर नक्कल काढणे सोपे आहे. नसेल तर सूचींतून शोधावे लागते. सूची क्रमांक एक पक्षकारांच्या नावांची असते आणि सूची क्रमांक दोन मिळकतीची. १९८७ च्या सूची हाताने लिहिलेल्या आहेत आणि लिहिणाऱ्याने नाव जसे ऐकले तसे लिहिले आहे. वानखेडेचे वानखडे, ठाकरेचे ठाकरे पाटील असे प्रकार मी असंख्य पाहिले आहेत. त्यामुळे वडिलांचे नाव दोन-तीन तऱ्हांनी शोधा, आणि तेवढ्यावर न थांबता लिहून देणाऱ्याच्या नावानेही शोधा. ले-आऊटमधल्या विक्रीपत्रांत लिहून देणारा कधी संस्था असते, तर कधी मूळ शेतमालक, ज्याच्या वतीने संस्थेचा पदाधिकारी मुखत्यार म्हणून सही करतो. फक्त संस्थेच्या नावाने पाहिले तर दुसऱ्या तऱ्हेचा दस्त नजरेतून सुटतो.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे लोकांचे महिने वाया जातात. नागपूर शहरात दुय्यम निबंधकांची कार्यालये एकाहून अधिक आहेत आणि ग्रामीणची वेगळी. एका विधवा बाईंना एका कार्यालयातून ‘अशी नोंद नाही’ असे उत्तर मिळाले, त्या तेच खरे मानून घरी बसल्या आणि दोन वर्षांनी तोच दस्त दुसऱ्या कार्यालयाच्या सूचीत सापडला. नोंद नाही असे कोणी म्हणाले, तर कोणत्या कार्यालयाच्या, कोणत्या वर्षांच्या, कोणत्या सूचीत नाही, हे लेखी घ्या. शोधही १९८७ एका वर्षापुरता ठेवू नका. दस्त सहीनंतर चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी सादर करता येतो आणि पुस्तकात चढेपर्यंत वर्ष उलटलेले असू शकते, म्हणून १९८६ ते १९९० पाहावे.

अर्ज करण्याआधी घरात पुन्हा एकदा शोधा. विक्रीपत्र मोठे असते आणि ते सगळे जण शोधतात. मी तुम्हाला शोधायला सांगतो ती नोंदणी फीची पावती, पातळ कागदाची, बहुधा कार्बनने उमटलेली, फिकट झालेली. ती विजेच्या बिलात, पासबुकात, पोथीच्या पानांतही निघते. तिच्यावर दस्त क्रमांक आणि दिनांक असतो, आणि एवढे मिळाले की सूचींतला शोध जवळजवळ संपतो.

धंतोलीकरांनी सांगितलेला ई-सर्च जरूर करा. त्यात एक भर घालतो. नियमित दस्तांबरोबर ‘ई-फायलिंग’ हा वेगळा पर्यायही पाहा. मालमत्तेची मूळ कागदपत्रे बँकेकडे ठेवून कर्ज घेतले की त्याची सूचना नोंदणी कार्यालयात दाखल करावी लागते आणि ती सूचना तेथे दिसते. तुमचे मूळ विक्रीपत्र सापडत नाही म्हणून हे विशेष सांगतो.

सिव्हिल लाइन्समधील एक वकील

दाव्याबाबतच्या प्रश्नाचे उत्तर असे की माहिती मिळते, पण तीन पायऱ्यांनी, आणि प्रत्येक पायरीवर मिळणारी गोष्ट वेगळी असते.

पहिली पायरी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळाची किंवा ॲपची आहे. राज्य महाराष्ट्र, जिल्हा नागपूर निवडून जिल्हा न्यायालय संकुलात पक्षकाराच्या नावाने शोध घ्यावा. नाव आणि नोंदणीचे वर्ष द्यावे लागते, त्यामुळे १९९० ते २००० अशी वर्षे एकामागून एक पाहावी लागतील, आणि प्रलंबित व निकाली असे दोन्ही पर्याय निवडावे. संस्थेच्या नावाचे स्पेलिंग इंग्रजीत कसे केले आहे यावर सारे अवलंबून असते, म्हणून पूर्ण नाव न लिहिता त्यातला एकच वेगळा शब्द लिहावा. सापडलेल्या प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो लिहून ठेवला की पुढे नाव टाकण्याची गरज राहत नाही. पडद्यावर तारखा, पक्षकार आणि चढवलेले आदेश दिसतात. दावापत्र, लेखी जबाब, दाखल केलेले दस्त तेथे दिसत नाहीत.

दुसरी पायरी नक्कल विभागाची आहे. निकालपत्र आणि हुकूमनामा (डिक्री) यांची प्रमाणित प्रत दाव्यात पक्षकार नसलेल्यालाही अर्ज करून मागता येते. दावापत्रासारखी इतर कागदपत्रे हवी असतील तर त्रयस्थ व्यक्तीने आपला त्या प्रकरणाशी काय संबंध आहे, हे कारणासह मांडून न्यायालयाची परवानगी घ्यावी. ज्या खसऱ्यावर दावा आहे त्याच खसऱ्यातील भूखंड आपल्या वडिलांच्या नावे आहे, हे कारण पुरेसे वजनदार आहे. बरेच जण येथे माहितीच्या अधिकाराचा अर्ज करतात आणि तो परत येतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की न्यायालयीन कागदपत्रांच्या प्रती न्यायालयाच्या नियमांनुसारच मागाव्या लागतात. जुन्या निकाली प्रकरणांत निकालपत्र आणि हुकूमनामा अधिक काळ जपले जातात, पण उरलेले बरेचसे कागद मुदतीनंतर नष्ट केले जातात. त्यामुळे प्रकरण निकाली निघालेले दिसले तर नक्कल अर्जाला उशीर करू नये.

तिसरी पायरी अपिलाची. खालच्या न्यायालयात प्रकरण निकाली दिसले म्हणजे ते संपले असे नव्हे. जिल्हा न्यायालयात पहिले अपील आणि त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दुसरे अपील झालेले असू शकते. उच्च न्यायालयाचे संकेतस्थळ स्वतंत्र आहे आणि तेथे नागपूर खंडपीठ निवडून पुन्हा नावाने शोध घ्यावा लागतो. आपल्या शेजाऱ्यांचे ‘अजून सुरू आहे’ हे म्हणणे खरे निघाले, तर बहुधा ते येथेच निघेल.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ मुळे एक तारीख फार महत्त्वाची ठरते. दावा प्रलंबित असताना ज्याने मिळकत घेतली, तो त्या दाव्याच्या निकालाने बांधला जातो. दावा नव्वदच्या दशकातला आणि नोंदवलेले विक्रीपत्र १९८७ चे असेल, तर हे कलम आपल्या वडिलांना लागत नाही. वडिलांना त्यात पक्षकार केलेले नसेल, तर त्यांच्या हक्कावर तो निकाल सहसा थेट बंधनकारकही होत नाही. म्हणून दावा दाखल झाल्याचा दिनांक आणि दस्ताचा दिनांक शेजारी शेजारी ठेवून पाहणे हे पहिले काम.

निवृत्त पटवारी

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून भूखंड गेला, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. सातबारा ही महसुलाची नोंद आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती खरी मानली जाते एवढेच. मालकीचा निर्णय दिवाणी न्यायालय करते आणि मालकी देतो तो नोंदवलेला दस्त. नागपूरभोवतालच्या मौजांत शेकडो ले-आऊट असे आहेत की भूखंड विकले गेले, घरे उभी राहिली, पण तुकडेबंदी (जमिनीचे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यास बंदी) आणि अकृषक परवानगीच्या अडचणींमुळे भूखंडधारकांच्या नावे फेरफार झालाच नाही आणि सातबारा शेतमालकाच्या, पुढे त्याच्या वारसांच्या नावे चालत राहिला. पण म्हणून निश्चिंतही राहू नये. नाव त्यांचे असल्यामुळेच ते पुन्हा विक्री करण्याचा प्रयत्न करू शकतात, आणि माझ्या नोकरीत मी अशा तक्रारी पाहिल्या आहेत.

संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा माहितीपुरता असतो. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो आणि तो कार्यालयात चालतो. त्याबरोबर गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीचे उतारे काढा. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक लिहिलेला असतो आणि कमी झालेल्या नावाला कंस केलेला असतो. तो क्रमांक धरून मागे मागे गेले की कोणाचे नाव कोणत्या कारणाने लागले हे उलगडते. संस्थेचे नाव मध्ये कधी लागून कमी झाले का, हे त्यातच दिसेल. इतर हक्काचा रकाना बोट ठेवून वाचा. न्यायालयाचा मनाई हुकूम किंवा बँकेचा बोजा तेथे लिहिलेला असतो.

आपला भाग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि येथे १९५१ पर्यंत मालगुजारी (जमीनदारीसारखी पद्धत) होती, त्यामुळे आपले जुने कागद पश्चिम महाराष्ट्रातल्या कागदांसारखे नाहीत. तहसील किंवा भूमी अभिलेख कार्यालयात १९५४-५५ चा अधिकार अभिलेख मागा. आजच्या वारसांच्या पूर्वजाला ती जमीन कशी मिळाली, भोगवटादार वर्ग एक की वर्ग दोन, हे त्यावरून कळते. वर्ग दोन, म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेली जमीन, असेल तर विक्रीला परवानगी होती का हा प्रश्न येतो. नोंदीत झुडपी जंगल असे शब्द दिसले तर तिथेच थांबून वकिलांना दाखवा, कारण सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी पूर्व विदर्भातील झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनी मानल्या आहेत. शिवाय नगर भूमापन झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) चालते. भूमापन कार्यालयात खसऱ्यावरून नगर भूमापन क्रमांक विचारा. वडिलांचे नाव तिथे लागलेले असू शकते.

नागपूर सुधार प्रन्यासकडून त्या ले-आऊटला गुंठेवारी अधिनियम, २००१ खाली नियमितीकरणाचे पत्र, ज्याला आपण आर.एल. म्हणतो, ते मिळाले आहे का, हेही पाहा. त्या अर्जाबरोबर भूखंडधारकाने विक्रीपत्राची प्रत जोडलेली असते. वडिलांनी अर्ज केला असेल तर त्या फाइलमध्ये तुमच्या हरवलेल्या दस्ताची प्रत असेल. ही फाइल माहितीच्या अधिकारात मागता येते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, मजकूर दीडशे शब्दांत ठेवा आणि भूखंड क्रमांक, खसरा, मौजा स्पष्ट लिहा. उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची आहे.

मानेवाडा-पुणे

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. मागच्या आठवड्यात मी नागपूरला आले होते. पावती सापडली. वडिलांच्या विमा पॉलिसीच्या प्लास्टिकच्या पाकिटात, घडी घातलेली, दस्त क्रमांक आणि १९८७ च्या नोव्हेंबरमधला दिनांक अजून वाचता येतो. आईने ती हातात घेऊन बराच वेळ तशीच धरून ठेवली होती. बहिणीने दुसऱ्याच दिवशी नक्कलेसाठी अर्ज केला आहे.

ई-सर्चमध्ये आमच्या भूखंड क्रमांकाचा नवा दस्त दिसला नाही. ई-कोर्ट्सवर संस्थेच्या नावाने दोन प्रकरणे मिळाली. एक १९९४ चा विशेष दिवाणी दावा आहे, तो निकाली निघाला आहे आणि त्यातील वादींची आडनावे सातबाऱ्यावरील वारसांशी जुळतात. दुसरे प्रकरण प्रलंबित आहे, पण त्यातील पक्षकार वेगळे आहेत. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर नागपूर खंडपीठात या नावांचे काही सापडले नाही. प्रलंबित प्रकरणाकडे आम्ही दुर्लक्ष करावे का?

सिव्हिल लाइन्समधील एक वकील

पावती मिळाली हे फार चांगले झाले. दस्त १९८७ चा आणि दावा १९९४ चा, म्हणजे तारखांचा क्रम आपल्या बाजूचा आहे.

प्रलंबित प्रकरणाकडे दुर्लक्ष करू नये. पक्षकार वेगळे असले तरी दाव्यातील मिळकत कोणती आहे हे नावांवरून ठरत नाही. ते दावापत्राच्या मिळकत वर्णनात, म्हणजे परिशिष्टात लिहिलेले असते: मौजा, प.ह.नं., खसरा आणि चतुःसीमा. अनेक संस्थांनी शेजारशेजारच्या दोन-तीन खसऱ्यांवर एकच ले-आऊट पाडला आहे, त्यामुळे वेगळ्या मालकाचा खसरा आपल्याच ले-आऊटमध्ये असू शकतो. १९९४ च्या दाव्याचे निकालपत्र व हुकूमनामा यांसाठी आजच अर्ज करता येईल. प्रलंबित दाव्यातील दावापत्राच्या प्रतीसाठी मात्र त्रयस्थ म्हणून परवानगीचा अर्ज लागेल आणि त्यासोबत आपल्या दस्ताची प्रमाणित नक्कल जोडलेली असावी. म्हणून बहिणीने केलेल्या अर्जाचा पाठपुरावा आधी करा. नक्कल हातात आली की तिच्यातील खसरा आणि भूखंड क्रमांक ले-आऊटच्या नकाशाशी आईसमोर बसून ताडून पाहा, आणि मगच तो अर्ज द्या.